जावईबापू उजेडाकडे बघतात

...आणि वर मलाच सांगतो, हात लावायचा नाही! अहो, ज्या टेबलाशी उभं राहून माझे केस पांढरे झाले, त्याच टेबलापाशी, माझ्या निम्म्या वयाचा इंजिनियर मला म्हणतो, ‘मॅडम, आता तुम्ही फक्त बघायचं, हात लावायचा नाही.’ तुम्हाला सांगते, हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्यांनी इतक्या प्रेमाने ऐकवलंय की आता झोपेतसुद्धा मी हात पांघरुणात घालून घेते. आमचे हे गेले ना, तेव्हापासून. घर माणसांनी भरलं. मायेची माणसं हो, नावं ठेवायला जागा नाही. पण मी भांड्यांकडे वळले की जाऊ आडवी, ‘जाऊबाई, तुम्ही हात लावायचा नाही.’ कपड्यांकडे वळले की नणंद, ‘वहिनी, तू बस बघू.’ सून तर बोलायचीच नाही, हातातला झाडू अलगद काढून घ्यायची. मग मी करायचं काय? मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचं? चार दिवस बसले आणि उठून सरळ कामावर आले.

काम म्हणजे काय, तर औषधं तपासायची. डबीवर लिहिलंय तेवढं औषध गोळीत आहे का, बघायचं. तपासणारं यंत्र आतल्या खोलीत ऐटीत बसलेलं असतं, पण त्याच्या तोंडी जाईल असा घास कालवून द्यायचा तो मी. गोळ्यांचं वजन करा, खलात कुटा, भुकटी काचेच्या चंबूत घाला, त्यात द्रावक ओता, हलवा, अजून हलवा, गाळा, इवल्याशा बाटल्यांत भरा, की आल्याच पुढच्या गोळ्या... लोकांना ऐकूनच जांभई येते. मला बरं वाटायचं. हात चालू असले की डोकं गप्प बसतं.

तर हे माझं काम करायला यंत्र आलं. आलं कसलं, जावई आला! आधी खोलीला रंग दिला, मग गार हवा सोडली (मी तिथे उकडून निघत होते तेव्हा पंख्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते असो), मग सगळे दारात रांगेने उभे. मी त्याचं नावच ठेवलं जावईबापू. डोळे नाहीत, कान नाहीत, एकुलता एक लांबलचक हात, पण मान बघाल तर अख्ख्या खानदानाचा!

इंजिनियर म्हणाला, तुम्ही करता तस्संच करून दाखवा, आम्ही तुमच्या हातांचं चित्रण करतो, यंत्र तेच शिकेल. दाखवलं. साहेब शेजारीच उभे होते, माया नुसती उतू चाललेली. म्हणाले, ‘हे एकदा सुरू झालं ना, की तुम्हाला जुन्या कागदांच्या खोलीत बसवतो. आराम पडेल. कशालाच हात लावायचा नाही.’ घ्या! घरी नाही, इथेही नाही. आणि त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही हो.

चाचणीच्या दिवशी मोठे साहेब आले. जावईबापूंनी चंबू उचलला, हलवला... काय सुरेख हलवला, मला मेलीला मत्सर वाटला. आणि मग काय केलं असेल? चंबू वर उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि थांबला. निरखत! डोळे नाहीत हं, मघाशीच सांगितलं मी. चांगला वेळ निरखलं आणि मग आतलं द्रावण गाळायला घेतलं. सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले, कारण ती खोड माझी. हलवून झालं की मी चंबू उजेडाकडे धरते. चंबूच कशाला, चहाचा ग्लासही धरते. आमचे हे चिडवायचे, ‘काय दिसतं गं तुला त्यात?’ मी कधी उत्तर दिलं नाही. असलं तर देणार ना.

इंजिनियरने विचारलं, या पायरीचा उपयोग काय? म्हटलं, काही नाही, सवय आपली. बिचारा ओशाळला आणि तेवढीच पायरी काढून टाकली. जरा टोचलं मला. पण सांगणार कोणाला, आणि काय?

आणि मग आकडे घसरले. आदल्याच दिवशी माझ्या हातून पास झालेल्या गोळ्या, त्यात औषध कमी! द्रावक बदललं, गाळणी बदलली, चंबूतून द्रावण ओढून घेणारी यंत्राची सुई बदलली. फोनवर कंपनीवाले म्हणतात, ‘आमचं यंत्र उत्तम आहे, तुमच्या गोळ्याच आजारी असतील.’ साहेबांचा चेहरा उतरला, आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू? पण तो इंजिनियर सकाळपासून उपाशी होता. राहवेना. म्हटलं, ‘अहो, बघू द्या की त्याला उजेडाकडे.’

वैतागून त्याने ती पायरी परत घातली. आणि आकडा बरोब्बर!

झालं होतं असं, की चंबू हलवला की वर फेस येतो. तो बसायच्या आत सुई घातली तर ती औषधाऐवजी बुडबुडेच ओढते. मी उजेडात बघत उभी राहायचे तेवढ्यात फेस बसायचा. शपथेवर सांगते, मलाही ठाऊक नव्हतं! इंजिनियर म्हणाला, ‘मग नुसतं थांबवलं तरी पुरे, उचलायची गरज नाही.’ खरं होतं त्याचं. पण मोठे साहेब पार दमले होते. म्हणाले, ‘आता चाललंय ना? मग त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि या बाईंच्या आणखी काय काय खोडी त्यात शिरल्यात कोण जाणे, त्यांना इथेच राहू द्या.’

म्हणून मी अजून इथे. गोळ्या मांडून देते, बाटल्या लावून देते, रुसला की समजूत काढते. जावयाची सरबराई सासूनेच करायची, दुसरं कोण करणार? बाकी वेळ तो करतो आणि मी बघते. दिवसभर चंबू उचलतो, उजेडाकडे धरतो, थांबतो... आसपास कोणी नसलं की मी हळूच विचारते, ‘काय दिसतं रे तुला त्यात?’

उत्तर देत नाही. देईल कसा... शिकलाय कोणाकडून!