दिमोनाची बहीण

कुसाबाई : माझ्या गोरक्षचं बारसं झालं ते साल. छप्पन्न. बाकी सालं गेली डोक्यातून, ते हाय.

यशश्री : म्हणजे पप्पांच्या जन्माचं. आणि आजी, अवदचाचा पण त्याच साली?

कुसाबाई : त्याच साली. मनमाडच्या रेल्वे लायनीत तीन पाळणे हलत व्हते. आमचा गोरक्ष, गार्ड रोहेकरांची फ्लोरा, अन् या सालेहचा बाप अवद. सालेह, चहा घे रे. साय धरली बघ.

सालेह : घेतो, दादी. पण मी मनमाडहून चहासाठी नाही आलो. ही पत्रं बघा. अब्बांच्या पेटीत निघाली. चौतीस आहेत, सगळी मराठीत. मी उर्दू शाळेतला, मला धड वाचता येत नाहीत. यशश्रीनं वाचली. प्रत्येकावर ‘प्रिय भाऊ अवद’. खाली ‘तुझी बहीण फ्लोरा, दिमोना, इस्राएल’.

कुसाबाई : अक्षर चांगलं हाय पोरीचं.

यशश्री : आजी, प्रश्न अक्षराचा नाहीये.

कुसाबाई : पन्नाशीला पाटी धरली मी. मी आधी अक्षरच बघणार.

सालेह : अम्मी म्हणते, यहुद्याची मुलगी अरबाची बहीण कशी? काहीतरी जुनं प्रकरण असणार. अब्बा गेल्यावर अजून तीन पत्रं आली. ‘भावा, लिहीत का नाहीस?’ अम्मी मला उत्तर पाठवू देत नाही.

यशश्री : म्हणून आम्ही शोध सुरू केला. सालेहनं डीएनएसाठी थुंकी तपासायला पाठवली. चाऊस लोक मूळ जिथले, त्या येमेनचं निघालं, बाकी सगळं इथलं. यहुदी रक्ताचा पत्ता नाही.

कुसाबाई : थुंकीत कसं सापडंल?

सालेह : मग कशात सापडेल?

कुसाबाई : दुधात. तुझी आजी, सफियाबी, बाळंत झाली अन् तिला मुदतीचा ताप आला. दूध आटलं. पोर रडून रडून काळंनिळं. फ्लोराची आई मोझेलबाई शेजारून आली, पोराला उचलून घेऊन गेली. चार महिने पाजलं तिनं.

यशश्री : तुला कुणी सांगितलं हे?

कुसाबाई : सांगाया कशाला लागतंय? शनवारी ते लोक चूल पेटवत नाय. मी जायची पेटवायला. एका मांडीवर फ्लोरा, दुसऱ्या मांडीवर अवद. फ्लोरा कायम बोंबलत असायची. याच्या बापाला आधी लागायचं ना.

सालेह : अब्बा जेवायला दस्तरखानवर पण आधीच बसायचे.

कुसाबाई : तुझा आजा दारात उभा राहून म्हणला, आजपासून ही दोघं भाऊबहीण, यांचा निकाह व्हनार नाय. मोझेलबाई म्हणली, चाऊस, दात तर येऊ द्या आधी.

सालेह : दूधबहीण. आमच्यात सख्खीच मानतात. मग अब्बांनी अम्मीला का नाही सांगितलं? ‘बहीण आहे, बस,’ एवढंच म्हणायचे.

कुसाबाई : मोझेलबाईनं समद्यांना बजावलं व्हतं, बाहेर बोलायचं नाय. बोललं की त्याचा उपकार व्हतो. मी पण आज बोलतेय.

सालेह : अम्मी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. कुणी पाहिलं, विचारील.

कुसाबाई : लाव फोन. मी पाहिलं.

(सालेह आईला फोन लावून देतो. कुसाबाई बराच वेळ बोलते.)

सालेह : काय म्हणाली?

कुसाबाई : आधी रडली. मग म्हणली, फ्लोराला लिहा, वहिनीचा सलाम. अन् विचारत व्हती, मोझेलबाई अजून कुणाला पाजायची का.

यशश्री : मग?

कुसाबाई : खरं सांगितलं. मला दूध कमी. गोरक्षला पण तिनंच पाजलं, महिनाभर. सासूला कळलं असतं तर दोघांना आडावर नेऊन घासलं असतं.

यशश्री : आजी! पप्पांना माहितीये?

कुसाबाई : नाय. भाजी घेऊन येईल आता. जेवला की सांगू.

सालेह : म्हणजे यशश्री, फ्लोरा तुझी पण फूफी.

यशश्री : आत्या. सांगा उत्तर, मी टाईप करते.

कुसाबाई : टाईप नको. ती हातानं लिहिते, तिला हातानंच जाईल. कागद दे. सालेह, अवद गेला ती तारीख बरोबर सांग. त्यांच्यात दरसाल त्या दिवशी दिवा लावतात. मोझेलबाई तिच्या बापाचा लावायची. पोरीनं वरीसभर नुसती वाट बघितली.

सालेह : शुक्रवार होता. दुपारच्या नमाजनंतर.

यशश्री : झालं का आजी? वाच बरं.

कुसाबाई : थांब, जोडाक्षर हाय. हां. ‘चि. फ्लोरा हिस कुसाबाईचा आशीर्वाद. मी तुमची शनवारची चूल पेटवायची. तुझा भाचा सालेह माझ्याजवळ बसला आहे. तुझ्या वहिनीचा तुला सलाम. तुझा भाऊ अवद चाऊस मनमाड येथे वारला. शुक्रवार, दहा मार्च, दोन हजार तेवीस.’