आबांच्या पापण्या आणि मोंढ्याचं हसू

मोंढ्यातली मंडळी, सोयरे-धायरे आणि मागं बसलेल्या मायबहिणींनो,

माझ्या आबांच्या शोकसभेला तुम्ही आलात. मला बोलणं जड जातंय. रडून न्हाई, संतापानं. माझ्या आधी जे बोलले, ते म्हणाले की आबा फार सोशिक होते, कधी कण्हले न्हाईत. माझ्या बापानं परतूरच्या या मोंढ्यात जन्मभर मापाडी म्हणून शेतकऱ्यांच्या धान्याचा काटा धरला. त्यानं काय सोसलं ते आता लेकीच्या तोंडून ऐका.

आबांच्या पापण्या सुजायच्या. सकाळी डोळे चिकटलेले, कडेला पिवळा चिकटा. तुम्ही म्हणालात, उष्णता! लघवीला उठायचे, तिथं ताटकळायचे, तसेच परत यायचे. तुम्ही म्हणालात, उष्णता! सब्जा घ्या, धन्याचं पाणी घ्या, टाळूला एरंडेल थापा. अहो, तुमच्या त्या उष्णतेवर अख्ख्या गावाच्या भाकरी भाजल्या असत्या.

मी त्यांना जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी पापण्या पाहिल्या आणि विचारलं, "बाबा, लघवीची धार कशी आहे? प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?"

आबा ताडकन उठले. "डोळ्याच्या डाक्टर हाव ना तुम्ही? मंग डोळ्याचंच इचारा. लेकीसमोर हे काय इचारून राह्यल्या?"

बाईंनी मला नीट समजावलं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांच्या कामात पुरुषी हार्मोनचा हात असतो, आणि प्रोस्टेटच्या वाढीतही असतो. उतारवयात एकाच माणसाची दोन्हीकडं तक्रार असू शकते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी पापण्यांना त्रास होऊ शकतो. एकामुळं दुसरं होतंच असं न्हाई, म्हणूनच विचारावं लागतं. आबा तोवर बाहेर जाऊन बसले होते.

बाईंनी काय विचारलं, ते त्यांनी भोळेपणानं चहाच्या टपरीवर सांगितलं. तुम्ही काय केलंत? "डोळे दाखवाया गेल्ता आन् धोतर सोडायची पाळी आली!" असं म्हणून पोट धरून हसलात. पहिल्या रांगेतल्यांनो, माना कशाला खाली घालता? हसलात ना?

त्यानंतर आबांनी डॉक्टरचं नाव काढलं न्हाई. लघवी तुंबली तरी पोट दाबून गप्प बसले. दवाखान्यात नेलं तोवर किडन्या गेल्या होत्या.

याला तुम्ही सोशिकपणा म्हणता? भर मोंढ्यात आयाबहिणींवरून शिव्या देता तेव्हा तुमची लाज कुठं जाते? शेजारच्या सुनेला पोर का होत न्हाई, हे चव्हाट्यावर चघळता. आणि स्वतःची धार बारीक झाली की तोंडाला कुलूप! थू तुमच्या मर्दानगीवर.

माझे चुलते, बापूकाका, तिथं दाराशी बसलेत. पापण्या सुजल्यात. तुम्हाला वाटत असेल, भावासाठी रडले. रडलेही असतील. पण काकू म्हणते, महिनोन् महिने असंच चाललंय, आणि लघवीला जाऊन कण्हतात. औषध विचारलं तर सब्जा! भावाची राख सावडून आलेला माणूस सब्जा पिऊन राह्यलाय.

आता कुणीतरी म्हणेल, दोन मिनिटं शांतता पाळू. शांतता लई पाळली तुम्ही. मला ती नको.

काका, उठा. जालन्याला जायला गाडी बाहेर उभी आहे. मी तुमच्यासोबत आत येणार, आणि बाईंनी विचारलं की माझ्यासमोर सांगायचं. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ता हसावं, माझ्या तोंडाकडं बघून.

आबा, नमस्कार करते. तुमच्या धाकट्या भावाला घेऊन निघते.