बत्तीस माकडटोप्या

"हॅलो? … हो, हेमाच बोलतेय. बोल अभय. … चहा झाला का सगळ्यांचा? … अरे, मग असा धापा का टाकतोयस? … हळू. एकेक शब्द बोल. … काय उरली? … पोह्यांची प्लेट? … एका प्लेटसाठी मला नैनितालहून फोन? अभय, कमाल आहे हं तुझी! जयसिंगला म्हणावं, खाऊन टाक. … बरं. … बरं. … काय?"

आणि मग हेमाताई बोलायच्या थांबल्या.

सदाशिव पेठेतल्या तळमजल्यावरच्या दीड खोलीच्या ऑफिसातून त्या चौदा वर्षं सहली काढत होत्या, पण असं मध्येच थांबलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. थांबायचं ते समोरच्यानं. यंदाची ही जानेवारीतली नैनिताल सहल, बत्तीस माणसं, जेवायची आबाळ नको म्हणून पुण्याहून नेलेला आचारी जयसिंग, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला अभय. पोरगा गुणी, पण घाबरला की शब्द गिळतो. उरलेली प्लेट विमलाबाई बोराट्यांची होती. विमलाबाई हॉटेलात नव्हत्या. आणि त्यांचा मुलगा श्यामसुंदर नेमका हेमाताईंच्या टेबलापलीकडे, लोखंडी खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसला होता.

अर्ध्या तासापूर्वी तो आला तो गोळ्यांची एक पट्टी घेऊन. आईच्या गोळ्या घरीच राहिल्या, तिकडे कुठे मिळतील का विचारा म्हणाला. कसल्या, तर व्हिटॅमिनच्या. "व्हिटॅमिनसाठी हिंजवडीहून अर्धी रजा टाकून आलात? वा!" असं हेमाताई म्हणाल्या होत्या. तो हसला नव्हता. पट्टी अजून टेबलावरच पडली होती.

"हो, हो… ऐकतेय. कधीपासून? … दोन तास! … थांब, नाव नको घेऊस. म्हणजे… आवाज फुटतोय, नावं कळत नाहीयेत. खोलीचा नंबर सांग. … दोनशे चार. बरं. मग ते दोनशे चारचं… ते सामान शेवटचं कुठे पाहिलंस?"

सामान! जीभ कशी झडली नाही माझी, असं त्यांना वाटलं. पण करणार काय? समोर मुलगा. त्याला सांगायचं, अहो तुमची आई हरवली, आणि पाच मिनिटांत बाई हॉटेलाच्या बाथरूममधून बाहेर आल्या म्हणजे? उद्या सकाळपर्यंत अख्ख्या पेठेत डांगोरा. त्यांनी श्यामसुंदरकडे बघून हसल्यासारखं केलं आणि खुर्ची जराशी भिंतीकडे फिरवली.

"बोटिंगनंतर? … हो, पण बसमध्ये चढवताना मोजलंस ना रे? … टोप्या मोजल्यास. किती भरल्या? … बत्तीस. मग झालं तर! बत्तीस टोप्या म्हणजे बत्तीस… कुणाला दिलीस? … जयसिंगला? … थंडी वाजत होती म्हणून जास्तीची काढून दिलीस. आणि तो बसमध्ये बसला. … अरे देवा. अरे देवा, अभय!"

ही टोप्यांची शक्कल हेमाताईंचीच. प्रत्येक प्रवाशाला कंपनीतर्फे लालभडक माकडटोपी भेट. घातली की नाक आणि चष्मा तेवढा दिसतो, पण मैलावरून ओळखू येतं, हा आपला. टोपी मोजली की माणूस मोजलं, हा त्यांचा नियम. जाहिरातीतसुद्धा ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आमच्याकडे माणूस हरवत नाही!' आणि आता एकतीस प्रवासी आणि एक आचारी मिळून टोप्या बत्तीस भरल्या होत्या.

"रडू नकोस. … नाही, तू नंतर रड, मीही रडेन, पण आत्ता नाही. खोलीत कोण आहे सोबत? … द्वारकाबाई. त्या काय म्हणतात? … पर्स खोलीतच? म्हणजे हॉटेलचं कार्डही… हं. … हिंदी? छे, कुठलं हिंदी! … अंधार किती वाजता पडतो तिकडे? … अर्ध्या तासात. आणि थंडी? … नको, आकडा नको सांगूस. … अंगात काय आहे? स्वेटर? … शाल. फक्त शाल."

"कुणाचं काही हरवलं का?" श्यामसुंदरने विचारलं.

"सामान हो. नेहमीचं. लोकांना स्वतःची बॅग सांभाळता येत नाही," हेमाताई रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या.

"हां, बोल. … कुठे चाललायस? … तलावावर. हो, जा, पळत जा, फोन चालू ठेव. … बॅटरी? किती? … एक काडी! अभय, तुला मोबाईल गाणी ऐकवायला दिला होता का मी? … बरं, बरं. बोलू नकोस, पळ. … नाही, कट नको करूस! मी आहे. … सकाळी कशा होत्या? म्हणजे… कसं होतं ते सगळं, सकाळी? … स्वयंपाकघरात? … जयसिंगला रागावल्या? कशावरून? … मटार महाग आणला म्हणून. शेंगा पोकळ आहेत म्हणाल्या. … अरे, मटारचं काय घेऊन बसलास! इथे माझ्या पायाखालची जमीन सरकतेय आणि तू मला मटार सांगतोयस!"

श्यामसुंदरने मान वर केली. 'रागावल्या' हा शब्द त्याने ऐकला होता. सामान रागावत नाही, एवढं कळायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही. तो नुसता हेमाताईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पोचलास? … नाववाल्यांना विचार. लाल टोपी, म्हातारी बाई. … काय म्हणतो? … बसली होती? कुठे? … पायऱ्यांवर. पाण्याजवळ. एकटीच. … मग? … मग कुठे गेली? … अरे, त्याला विचार ना नीट! … काय सापडलं? … टोपी? … आपली? … टोपी पायऱ्यांवर आहे. आणि… अभय, ऐक. ती टोपी हातात घे. … घेतलीस? … ओली आहे का?"

बाहेर एक स्कूटर किक मारूनही सुरू होत नव्हती.

"ओली आहे का कोरडी, एवढंच सांग!"

श्यामसुंदर उभा राहिला होता.

"कोरडी. … कोरडी आहे. बरं. … थांब तिथेच. एक मिनिट. फोन नाही ठेवायचा."

हेमाताईंनी रिसीव्हर छातीशी धरला. आता लपवण्यात राम नव्हता, आणि लपवायची ताकदही उरली नव्हती.

"बोराटेसाहेब, बसा. नाही, बसाच. तुमच्या आई दोन तास झाले सापडत नाहीयेत. मघापासून मी तुमच्या तोंडावर खोटं बोलतेय. शिव्या मागाहून द्या, सगळ्या ऐकून घेईन. आत्ता एवढं सांगा, त्या अशा कुठे जातील?"

त्याने शिव्या दिल्या नाहीत. तो बसला. टेबलावरची पट्टी त्याने उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"व्हिटॅमिनच्या नाहीत ह्या," तो म्हणाला. "विसरण्याच्या आजारावरच्या आहेत. वर्ष झालं. सकाळी ठीक असते. दिवस कलला की कुठल्या सालात जाते, सांगता येत नाही."

"आणि फॉर्मवर 'आजार' पुढे काय लिहिलंत? 'नाही'! ठसठशीत!"

"खरं लिहिलं असतं तर नेलं असतंत?"

नसतंच नेलं. ते दोघांनाही माहीत होतं.

"बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. ऑफिसात रात्रंदिवस काम. दहा दिवस घरात आईला कोण बघणार? जाहिरात वाचली तुमची… माणूस हरवत नाही म्हणून. तिला थंड हवा दाखवतोय असं सांगत होतो सगळ्यांना. मला ती दहा दिवस नजरेआड हवी होती हो! आई नको झाली होती मला!"

"ते नंतर. फिट्टंफाट झाली आपली. घरून गेल्या तर कुठे सापडतात?"

"मंडईत. कोथरूडहून चालत जाते. चाळीस वर्षं भाजी विकली तिने तिथे, जागा सोडूनही आता दहा वर्षं झाली. पण संध्याकाळी जाऊन बसते. टोपी काय तुमची, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय ती धंद्याला बसायची ना—"

हेमाताईंनी पुढचं ऐकलंच नाही.

"अभय! अभय, तलाव सोड. … अरे सोड म्हणते ना! सकाळी जयसिंगने मटार कुठून आणला? … वरच्या बाजारातून? किती लांब? … मग पळ! भाजीवाल्यांची रांग बघ. … नाही, विकत घेणाऱ्यांत नाही, विकणाऱ्यांत बघ! बसलेल्या बायकांत. डोक्यावर पदर असेल. … टोपी विसर आता. तोंडं बघ, अभय. एकेक तोंड बघ. चौदा वर्षं तोंडं बघायची सोडून टोप्या मोजल्या मी… तू तोंडं बघ बाबा."

मग नुसती धावणाऱ्या पावलांची धपधप, कुणाचं तरी हिंदीत ओरडणं, घंटी. श्यामसुंदर टेबलावरून वाकून रिसीव्हरजवळ आला होता. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती.

"हं? … कोण? … आहेत? नक्की? … आहेत हो, आहेत! … बसल्यात? कुठे? … पोत्यावर. भाजीवालीच्या शेजारी. … चहा दिला तिने? देव तिचं भलं करो! … काय करतायत? … मुळ्याच्या जुड्या बांधतायत. … मग उठव ना! … उठत नाहीत? … हातावर फटका मारला? तुझ्या? … माल संपल्याशिवाय उठणार नाही म्हणतात. … नाही, ओढू नकोस, घाबरतील. फोन त्यांच्या कानाला लाव. मुलगा बोलतोय म्हणून सांग. … काडी आहे ना अजून? … लुकलुकतेय. लाव, लाव लवकर."

त्यांनी रिसीव्हर श्यामसुंदरच्या हातात कोंबला.

"हॅलो? आई? आई, मी श्याम. … श्याम गं. … अगं ऐक ना, त्या मुलाबरोबर… आई, मी तुझा… नाही, नाही. बरं. … नाही हो, रागावू नका."

त्याने डोळे गच्च मिटले. हेमाताईंना वाटलं, संपलं, फोन ठेवतो हा. पण तो खाकरला, आणि मंडईतल्या गिऱ्हाइकाच्या खणखणीत आवाजात बोलू लागला.

"मावशी, मटार कसा दिला? … काय सांगता! सोन्याचा आहे का? … पलीकडे स्वस्त आहे की. … हो, पोकळ असेल त्यांचा, तुमचा भरलेला, मान्य. पण जरा कमी करा की मावशी."

"अहो, घासाघीस कसली करताय! बॅटरी जाईल," हेमाताई कुजबुजल्या.

त्याने हातानेच त्यांना थांबवलं. जो घासाघीस करत नाही त्याला आईने जन्मात गिऱ्हाईक मानलं नव्हतं.

"बरं, तुमचं नाही माझं नाही, मधला भाव. … झालं! … किती? सगळा द्या. … हो, सगळा. मुळ्याच्या जुड्यापण. घरी कार्य आहे. … तोलून ठेवा, माणूस येतोय माझा. … हो, शेजारी उभा आहे ना, तोच. अभय नाव. चांगला आहे तो, मारू नका त्याला. … पाटी उचलायला हात? लावेल की, तोच लावेल. … पोचवेल घरापर्यंत. अंधार पडला मावशी, आवरा आता. थंडी आहे, शाल घ्या नीट. … घरी कोण आहे? … मुलगा?"

हेमाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो नुसता धरून ठेवला.

"काय करतो मुलगा? … शिकतो. … हुशार आहे? … असेल, असेल. … जेवला नसेल तो? तुमच्याशिवाय जेवत नाही? … हो मावशी. खरंय. … मग निघा की लवकर. … उठलात? … सावकाश, गुडघा सांभाळा. … हो, वाट बघतोय तो. … मी सांगतो ना, दारातच उभा आहे. … आई, तो वाट बघतोय गं. तू ये फक्त. … हॅलो? … हॅलो?"