गाठीपासून दोन बोटांवर

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या क्ष-किरण विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाई, त्यांचे यजमान, आणि मागच्या दाराशी उभे राहून चहाची वाट पाहणारे माझे सहकारी,

बाईंबद्दल चार शब्द बोलायला माझ्यासारख्या सर्जनला का उभं केलं असेल? त्यांच्याशी सर्वांत जास्त भांडलेला माणूस शोधला असावा. निवड बिनचूक आहे.

बाईंच्या रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास असायचं: ‘खात्रीने सांगता येत नाही.’ आम्ही सर्जन मंडळी त्यावर पोटभर हसायचो. जेवलात का विचारलं तरी बाई हेच उत्तर देतील, असं मीच पसरवलं होतं. आम्हाला काय, सगळ्याचीच खात्री!

नऊ वर्षांपूर्वी माझ्या वहिनींच्या स्तनात गाठ निघाली. कर्करोगाची. हे सांगायला वहिनींची परवानगी आहे, अट एकच घातली, “भाऊजी, स्वतःला सोडवून घ्यायचं नाही.” आधी केमोथेरपीने गाठ लहान करायची, मग शस्त्रक्रिया, असं ठरलं. पाच महिन्यांत वहिनींचे केस गेले, तोंडाची चव गेली, आणि गाठही गेली. मी स्वतः तपासलं. बोटांना काहीही लागेना. तिथूनच दादाला फोन लावला आणि गाठ विरघळल्याचं जाहीर करून टाकलं. दादा फोनवरच रडला. एमआरआय अजून व्हायचा होता. पण तो माझ्या लेखी सहीशिक्क्यापुरता.

एमआरआय झाला आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. तिथे खुर्ची एकच, त्यामुळे आलेला माणूस आपोआप अदबीने उभा राहतो. पडद्यावर केमोच्या आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी शेजारी लावली होती. गाठीच्या जागी खरंच काही उरलं नव्हतं. पण तिथून दोन बोटांवर एक बारीक रेघ, एमआरआयसाठी शिरेतून दिलेलं औषध शोषून, अजून उजळत होती. तेवढा भागही काढावा, असं बाईंचं म्हणणं. मी आवाज चढवला. हा रोगच कशावरून? केमोनंतरचा नुसता व्रण असेल! बाई शांतपणे म्हणाल्या की तसंही असू शकेल, मागे एकदा त्यांची अशीच शंका खोटी ठरली होती.

“मग वहिनींना जास्तीची सुरी कशासाठी लावायची?”

“तुमच्या बोटांना लागत नाही, म्हणून तिथे काही नाही, असं मला लिहिता येणार नाही.”

मी दार आपटून बाहेर पडलो. निर्णय शेवटी वहिनींनी घेतला. दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ज्यांना शंका आहे त्यांचं ऐकू या. घरचंच माणूस, म्हणून शस्त्रक्रिया माझ्या सहकाऱ्याने केली. मी बाहेर नातेवाइकांच्या बाकावर. त्या बाकावर बसणाऱ्याला कोणी काही सांगत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दहा दिवसांनी काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल आला. गाठीच्या जागी काही नाही. त्या रेघेत मात्र कर्करोगाच्या जिवंत पेशी. वहिनींना पुढे आणखी औषधं घ्यावी लागली. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, तब्येत उत्तम, आणि भाषण लांबलं म्हणून घड्याळ बघताहेत.

तो अहवाल घेऊन मी बाईंकडे गेलो. माफीची वाक्यं जिना चढताना जुळवली होती. बाईंनी कागद वाचला, परत वाचला, चष्मा काढून ठेवला. वाटलं, आता ऐकवतील. त्यांच्या जागी मी असतो तर महिनाभर ऐकवलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “या वेळी मी चुकायला हवं होतं.”

जुळवलेली माफी न मागताच मी कागद उचलला आणि जिना उतरलो.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कोणाला काही खुपलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाई, तुमची माफी मात्र वेगळी मागायची आहे. ती नऊ वर्षं उशिरा येते आहे. नमस्कार.