आत्याबाईंनी ऐकलेली कादंबरी

मला अक्षर वाचता येत नाही, पण कादंबरीचं येड लय. आमचे हे वलवणच्या धरणावर कामाला होते, तेव्हा लोणावळ्याच्या वाचनालयातून एक कादंबरी घेऊन आले. तिच्यात एक तरणा सरदार होता, किल्लेदाराची लेक होती आणि बुरुजावर समंध होता.

रविवारी दुपारी मी आणि सासूबाई तांदूळ निवडायचो आणि हे वाचायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. लढाई आली की ह्यांचा आवाज चढायचा, समंध आला की उतरायचा. मधेच मात्र हे खाकरायचे आणि चार-चार पानं एकदम उलटायचे.

एका रविवारी ह्यांनी वाचलं, "किल्लेदाराच्या लेकीनं पाळण्यातलं बाळ उचललं."

आत्याबाईंचा हात सुपातच थांबला. "बाळ? तिचं लगीन कवा झालं?"

"झालं आई, मागंच. सरदारासंग."

"त्यो तर लढाईवर व्हता. किल्ल्यावर निस्ता समंध व्हता." त्यांनी सूप खाली ठेवलं. "भुताचं लेकरू माझ्या घरात नगं. जा, देऊन ये ते पुस्तक."

पण मला समंध सुटला का नाही, तेच अजून कळायचं होतं. तेव्हा सासूदेखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून मी भिंतीला सांगितलं, "मधली पानं गाळल्यात."

"का रं?" आत्याबाईंनी ह्यांना विचारलं.

ह्यांचे कान लाल झाले. "त्यात ती दोघं चांदण्यात बसत्यात, आई. तुज्यासमोर कसं वाचू?"

"वाच गुमान," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी पाच भावंडं काय मला समंधानं दिली?"