कुलूपवाल्यांचा गुडघा

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, माणसाने आपल्या बापाच्या मरणाची बातमी एका दिवसात किती वेळा सांगावी? एकदा? दोनदा? मी सहा वेळा सांगितली, तीही हार्डवेअरच्या दुकानांत, खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या यांच्या मधे उभं राहून, आणि मला, तुम्हाला सांगतो, फक्त कुलपं विकायची होती.

ही फिरती मुळात वडिलांची. एकतीस वर्षं त्यांनी याच गावांतून कुलपं विकली. ते गेले, महिनाभरात कंपनीच्या साहेबांनी मला बोलावलं, "वडिलांची लाइन तुम्हीच सांभाळा. पण तीन महिन्यांत ऑर्डरी दिसल्या पाहिजेत हं, नाहीतर लाइन दुसऱ्याला." घरात बायको आहे, आई आहे, नाही म्हणायला जीभ रेटते का? वडिलांचीच बॅग उचलली. आत सहा कुलपं ठोकलेली फळी, आणि कोपऱ्यात तेलाची एवढीशी बुधली. ही कशाला, म्हटलं... असू दे.

पहिलं दुकान. काउंटरवर बॅग ठेवली, तोंड उघडलं, "नमस्कार, आमचं नवीन..." तर दुकानदार माझ्याकडे बघतच नाही, बॅगेकडे बघतोय. "ही तर कुलूपवाल्यांची बॅग. ते कुठायत?" सांगितलं. झालं, माणूस मटकन सिमेंटच्या पोत्यावर बसला. "अरेरे... मागच्या खेपेला इथंच उभे होते हो." चहा आला. मग कळलं, की वडील दुकानात शिरले की बॅग उघडायचेच नाहीत. आधी बुधली काढायची, शटरच्या कुलपात दोन थेंब तेल सोडायचं, किल्ली दोनदा फिरवून बघायची, आणि मग, "हं, काय म्हणता?" कुलूप भले दुसऱ्या कंपनीचं असो! आम्हाला घरी याचा पत्ताच नाही. आमच्या दाराचं कुलूप चार वर्षं शिव्या दिल्याशिवाय उघडत नाही.

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात तर तो दुकानदार धाय मोकलून रडायला लागला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय. बाप कुणाचा गेला? माझा. "धीर धरा" कोण म्हणतंय? मीच. मी स्वतः अजून रडलो नव्हतो हो... पाहुणे, कागदपत्रं, आईची औषधं, जमलंच नव्हतं. आणि अशात ऑर्डर मागणार कशी? "फार वाईट झालं, बरं, दोन इंची किती डझन लिहू?" असं विचारता येतं का? सहा दुकानं, नऊ कप चहा, ऑर्डर एक नाही. आणि मला फक्त कुलपं विकायची होती.

सातवं दुकान रस्त्याच्या पार टोकाला. गल्ल्यावर एक आजी, डोळ्यांना जाड भिंगं. बॅग ठेवली, कडी वाजली, तेवढ्यावर ती म्हणाली, "आधी तेल घाला." घातलं. किल्ली दोनदा फिरवली. "हात वेगळा आहे. मुलगा ना तू? ते का नाही आले?"

आता बघा, सहा वेळा म्हटलेलं वाक्य, तोंडपाठ झालेलं. पण ओठांवर येईना. मी म्हटलं, "त्यांचा... गुडघा धरलाय."

"हं. जिना चढू नका म्हणावं," आजी म्हणाली, आणि दोन डझन कुलपं लिहायला सांगितली. बाहेर येऊन गाडीत बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा रडलो. स्टिअरिंगवर डोकं टेकून. हॉर्न वाजत राहिला तेही कळलं नाही, समोरची म्हैस तेवढी बाजूला झाली.

महिनाभर झोप नाही. मेलेल्या बापाच्या गुडघ्यावर ऑर्डर घेतली मी! पुढच्या खेपेला ठरवूनच गेलो. "आजी, मागच्या वेळी मी खोटं..."

तिने हात वर केला. "तेव्हा तू यायच्या आधीच मला फोन आला होता. सहाव्या दुकानातून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. सगळे आपले गेले, गेले, गेले... तू एकटा म्हणालास, गुडघा धरलाय. बरं वाटलं रे. आता सांग, कसा आहे गुडघा?"

मी म्हटलं, "सूज उतरलीय."

तेव्हापासून दर महिन्याला मी हालहवाल सांगतो. बाकीची सहाही दुकानं आता ऑर्डर देतात, कारण मी आधी तेल घालतो. लाइन माझ्याकडेच राहिली, घरचं कुलूपसुद्धा आता निमूट उघडतं. परवा आजीला उत्साहाने सांगितलं, वडील कालपासून काठीशिवाय चालायला लागलेत. तर तिने भिंगं काढून पदराला पुसली. मग म्हणाली, "पुरता बरा करू नकोस रे गुडघा. मग त्यांना यावं लागेल."

तर आता परत थोडी सूज आणलीय. काय करता... मला फक्त कुलपं विकायची होती.