हौदाच्या गल्लीचा थांबा

बसा बसा ताई, दम खा आधी. हौदाच्या गल्लीत पाहुण्या आलात ना? तेच म्हटलं — एवढा उतार सवय नसताना पायी उतरलात, दम लागणारच! ट्राम आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जाते हो, पण थांबत नाही. थांबा होता तिथं, नकाशात होता! मला कसं ठाऊक? अहो, ही लाइन माझ्या तेजलनं आखलीय. इंजिनीयर आहे ती. पोरीनं मुलुंडपासून भांडुपापर्यंत रूळ आणले आणि आई गुडघे धरत इथवर, खालच्या थांब्यापर्यंत, येते — बोला! नळावर बायका तोंड फिरवतात. शकूच्या, म्हणजे माझ्या, लेकीनं त्यांची वाट लावली म्हणतात.

का काढला? लोकांनी काड्या केल्या, दुसरं काय. शाळेच्या हॉलमध्ये थांब्यांची सुनावणी होती, तेजल पुढे खुर्चीत, साहेबांच्या शेजारी. आमच्या बायका घाबरलेल्या — पलीकडच्या उंच बिल्डिंगींतले टॉवरवाले थांबा त्यांच्याकडे पळवतील म्हणून. तर मी आपली उठले, माइक घेतला — आयुष्यात पहिल्यांदा हो — आणि म्हटलं, घाबरू नका गं, थांबा आपल्या दारातच होणार, माझी लेक आहे ती, मी सांगेन तसं करते. टाळ्या काय पडल्या! तेजल मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, लाजली. टॉवरवाल्यांनी व्हिडिओ काढून वर पाठवला — मॅडम आईसाठी थांबा देतात म्हणून. चौकशी लागली पोरीवर, नोकरी जायची वेळ आली. मग तिनंच स्वतःच्या हातानं थांबा खोडला.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? आईला लेकीचा अभिमान वाटू नये? घरी येऊन म्हणाली, "आई, थांबा आधीपासून तिथंच होता गं. तू गप्प बसली असतीस तर राहिला असता." बॅग भरली नि घाटकोपरला राहायला गेली. फोन उचलत नाही. मंगळवारी लाइन बघायला येते, म्हणून मी इथं — नाही, तशी सहजच बसते हो मी, वारा येतो इथं.

आली बघा गाडी. अगंबाई — तेजल! ती बघा, पुढच्या दारात, निळ्या ड्रेसमध्ये — तेजू, अगं इकडे! उतरली — पाहिलं, पाहिलं तिनं मला —

परत चढली.

जा तुम्ही ताई, दार लागेल. माझ्या तोंडाकडे काय बघताय? जा ना!